पन्नास माळा

मागितले साडेचार लाख.
मंजूर झाले पंचेचाळीस हजार.
कागद परत करताना श्रीवास्तवबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं,
"मैडम, एक शून्य ही तो कटा है."
आणि परिषद शून्यावरच.
शून्याचा इतिहास, आंतरराष्ट्रीय, तीन दिवस, ग्वाल्हेर.

तेव्हापासून रोज रात्री
कणकेच्या डब्याशेजारी वही उघडून बसते.
प्रवासखर्च कुणालाच मिळणार नाही हे कळवून टाकलं,
तरी सात जण येतो म्हणाले.
लुब्लियानाचे एक आजोबा,
ओसाकाची एक मुलगी,
काठमांडूचे तिघं, बस आणि मग रेल्वे,
माँटेव्हिडिओचं एक जोडपं, ज्यांनी लिहिलं
की आम्ही जमिनीवरही झोपतो.
ते वाचून मी उठून उगाच गाद्या मोजल्या.

हॉटेल रद्द.
दौलतगंजात मोहितेकाकूंची वरची खोली मिळाली.
फाळके डॉक्टर म्हणाले, एक पाहुणा चालेल,
मात्र दहाला फाटक बंद.
काकूंकडे गीझर नाही, बंब आहे.
बंब म्हणजे काय, ओसाकाच्या मुलीने विचारलं.
मी चित्र काढून पाठवलं.
उत्तरात तिने फक्त एक वर्तुळ पाठवलं.
दोन दिवस मी त्या वर्तुळाकडे बघत होते.
तिच्याकडे त्याचा अर्थ "ठीक आहे" असा होतो,
हे नंतर कळलं.

बॅनरवर 'आंतरराष्ट्रीय' बसेना.
छापणारा म्हणाला, "अंतरराष्ट्रीय कर देते हैं, सब यही लिखते हैं."
एका कान्यासाठी मी दहा मिनिटं भांडले.
मराठीची काळजी होती असं नाही,
खोडलेल्यांची यादी फार लांबली होती.
दुभाष्या. फाइली.
पिशव्या (बँकेच्या जुन्या, उलट्या करून).
स्मृतिचिन्हाऐवजी गजक, पाव किलो.
हार पंचवीस. मग बारा. मग एकेक गुलाब.
मग गुलाबही.

दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र वीज गेल्यामुळे मोडलं,
म्हणून सगळ्यांना टेंपोत कोंबून
किल्ल्याच्या चढावर नेलं, चतुर्भुजाच्या देवळात.
पहारेकऱ्याने कुलूप काढलं, मोबाइलचा उजेड धरला.
आजोबा गुडघे धरून उकिडवे बसले,
बोट दगडापासून चार अंगुळं लांब ठेवून वाचू लागले.

हा लेख मी चाळीसदा पाहिलाय.
दरवेळी विद्यार्थ्यांना तेवढंच दाखवलं,
ते बघा, दोनशे सत्तरमधलं शून्य,
केवढंसं, ज्वारीच्या दाण्याएवढं.
वाक्य कधी वाचलंच नव्हतं नीट.
दोनशे सत्तर हात लांब, एकशे सत्त्याऐंशी हात रुंद
अशी जमीन, फुलबागेसाठी.
आणि देवाला रोज
पन्नास माळा.

म्हणजे हा हिशेब होता!
कुणीतरी बसून बेरीज केली होती,
किती हातांत किती झाडं, किती फुलं,
उन्हाळ्यात कमी पडतील तर काय.
आणि माळी?
त्याच्याही घरी कुणी पाचच माळा करा म्हणालं असेल.
पण दगडात पन्नास आहेत,
शेवटच्या गोलासकट.

"बाग कुठे होती?" ओसाकाच्या मुलीने विचारलं.
मी खाली बोट दाखवलं.
हजिऱ्याकडे पत्रे, पाण्याच्या टाक्या,
गच्चीवर कुणाची तरी दुलई वाळत होती.
"तिथेच कुठेतरी," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

उतरताना दरवाजापाशी एक बाई झेंडू घेऊन बसलेली.
माळ वीस रुपये.
घेतली, पण घालायची कुणाच्या गळ्यात?
आजोबांनी आधी ती माझ्या गळ्यात टाकली, फोटो काढला,
मग काढून काठमांडूच्या एकाच्या,
मग त्या जोडप्याच्या, दोघांना मिळून एकदम,
तेव्हा तिच्या पाकळ्या गळू लागल्या होत्या.
तीच माळ, आठही जणांना.

रात्री वहीत लिहिलं: माळा, आठ.
खोडून: एक.
पावती नाही.
श्रीवास्तवबाबू विचारतीलच.